निर्जीव वस्तूवर रागावणें

मनुष्यावर रागावूं नये हें आम्हांस लहानपणापासून शिकविलेलें आहे. जनावरास निष्कारण मारूं नये हेंही ख्रिस्ती घरांत मान्य असतें, निदान तोंडानें तरी. परंतु लोखंडाच्या एका बोल्टावर मनुष्य चिडला, त्यानें त्यास दोन शिव्या दिल्या व हातांतला पाना अंगणांत भिरकावून दिला, तर त्यांत कोणाचें काय गेलें? बोल्टास दुःख नाहीं, अब्रू नाहीं, आत्माही नाहीं. मग अशा रागास पाप म्हणावें काय? हा प्रश्न कित्येकांस धर्मविषयक पत्रांत घेण्याजोगा वाटणार नाहीं. आम्हांस तसें वाटत नाहीं. उपासनेच्या वेळीं मनुष्य आपलें अंतःकरण पुष्कळ झांकूं शकतो. शनिवारीं संध्याकाळीं उघड्या पडलेल्या मोटारसायकलीपुढें तें झांकणें कठीण जातें.

इ.स. १८३१ त अमेरिकन मराठी मिशनाचें काम अहमदनगरास सुरू झालें (त्या शहराचें व जिल्ह्याचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर असें आहे), तेव्हां गांवोगांव जाणें पायीं, घोड्यावर व बैलगाडींतून होत असे. पुढें सायकली आल्या. आज तीन-चार गांवच्या मंडळ्या संभाळणारा उपदेशक बहुधा मोटारसायकलीवरून जातो, आणि तीही पुष्कळदां दुसऱ्याच्या हातून आलेली असते. प्रत्येक लहानमोठ्या बिघाडास तालुक्याच्या गॅरेजांत जाणें त्याच्या मिळकतींत बसत नाहीं. म्हणून अंगणांत पोतें अंथरून तो स्वतःच गाडी उघडतो. ह्यांत कमीपणा कांहीं नाहीं. निर्गमाच्या पुस्तकांत परमेश्वरानें बसालेलास आपल्या आत्म्यानें परिपूर्ण केलें, तें प्रवचन करण्यासाठीं नव्हे, तर धातु, रत्नें व लांकूड यांचें कारागिरीचें काम करण्यासाठीं. पौल राहुट्या करी. हात काळे होणें ही आमच्या धर्मांत ओशाळण्याची गोष्ट कधींच नव्हती.

आतां काम अडतें तें कशानें, हें अगोदर नीट पाहूं. इंजिनाच्या बुडाशीं जुनें ऑइल काढण्याचा एक बोल्ट असतो. बोल्ट पोलादाचा असतो, व तो ज्या कवचांत बसतो तें ॲल्युमिनियमचें असतें. पोलाद कठीण आणि ॲल्युमिनियम मऊ. मागच्या खेपेस कोणी तरी 'सुटूं नये' म्हणून तो अंगांत होता नव्हता तेवढा जोर लावून आंवळलेला असतो. असा जोर दोन-तीनदां झाला कीं आंतले आटे जातात, आणि मग बोल्ट फिरतो पण बसत नाहीं. दुसरे बोल्ट पावसानें व चिखलानें गंजून धरलेले असतात. कार्बोरेटराच्या खालच्या वाटीचे चौफुलीच्या खांचेचे स्क्रू तर फारच फसवे. जपानी बनावटीच्या धर्तीवर बांधलेल्या गाड्यांत ती खांच थोड्या निराळ्या मापाची असते. बाजारांतला साधा पेचकस तींत पुरता टेकत नाहीं, जोर केला कीं वर सरकतो आणि जातां जातां खांच खाऊन टाकतो.

ह्यांतील प्रत्येक अडचणीस कारण आहे, आणि बहुतेकींस उपायही आहे. गंजलेल्या बोल्टाच्या मुळाशीं डिझेल किंवा गंज सोडविणारें तेल सोडून रात्रभर तसेंच राहूं द्यावें. तेल आट्यांच्या फटींतून आपोआप आंत झिरपतें, आपण निजलेलों असतांही. सकाळीं बोल्ट सोडण्यापूर्वीं केसभर आंवळावा, म्हणजे गंजाची पकड तुटते, व मग उलट फिरवावा. तापविलें असतां ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतें; म्हणून कवचावर उकळत्या पाण्यांत बुडविलेला कपडा गुंडाळला तरी कधीं कधीं बोल्टाची जागा ढिली होते. (दिवा, कांकडा किंवा कोणतीही ज्योत ह्या कामासाठीं पेट्रोलाजवळ नेऊं नये. असा शहाणपणा करून घरें जळालेलीं आहेत.)

ह्या सर्व कारणांत बोल्टाचा हट्ट हें कारण कोठेंच नाहीं. परंतु रागावलेला मनुष्य काय म्हणतो? "ही गाडी मुद्दाम मला नडते. नेमकी आजच." हें वाक्य खोटें आहे, आणि आमच्या मतें निर्जीव वस्तूवरील रागाचा मुख्य दोष क्रूरपणा नसून हा खोटेपणा होय. बोल्टास त्याची इजा होत नाहीं हें खरें. इजा होते ती पाहणाऱ्याच्या नजरेस. बोल्टाच्या अंगीं दुष्टपणा आहे असें एकदां ठरविलें कीं मनुष्य कारण शोधणें सोडतो आणि शिक्षा करूं लागतो. मग पान्यास पाईप लावून जोर, मग हातोडा, मग छिन्नी. अर्ध्या तासानें बोल्टाचें डोकें तुटून हातांत येतें व धड आंतच राहतें.

गणनेच्या पुस्तकांतील बलामाची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. गाढवी वाट सोडून शेतांत शिरली, भिंतीशीं घांसली, शेवटीं खालीं बसली. आणि बलामानें तिला तिन्ही वेळां मारलें. त्याच्या हातीं तरवार असती तर तो तिला जिवंत ठेवता ना. देवदूत पुढें उभा होता तो गाढवीला दिसत होता, पैगंबरास दिसत नव्हता. वाटेंतील अडथळा हा आपल्याविरुद्ध केलेला उर्मटपणा होय असें तो समजत होता, तो खरोखर त्याचा बचाव होता. अडलेल्या बोल्टांत देवदूत असतो असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु 'येथें जोर करूं नकोस, अगोदर पाहा' इतकें तो बोल्टही सांगत असतो. सायकलीच्या डाव्या पायटाचे आटे उलटे असतात हें खेड्यांतल्या शाळकरी मुलासही माहीत असतें. ज्यास तें माहीत नाहीं तो मोठा कष्टाळू असला, तरी जितके अधिक कष्ट करील तितका तो पायटा अधिक घट्ट करील. त्याच्या घामास तेथें कांहीं किंमत नाहीं.

येथवरची गोष्ट सोपी आहे, कारण अडलेला बोल्ट निदान डोळ्यांपुढें अडलेला असतो. ह्याहून अवघड प्रसंग येऊनजाऊन होणाऱ्या बिघाडाचा, आणि त्याविषयीं आम्हांस थोडें अधिक लिहावयाचें आहे, कारण आमच्या मंडळ्यांतील साक्षींशीं त्याचा संबंध पोहोंचतो.

समजा, एका उपदेशकाची जुनी गाडी दर खेपेस चार-पांच कोस गेली कीं गचके देते व बंद पडते. किक मारून उपयोग होत नाहीं. तो खालीं उतरतो, प्लग काढून पुसतो, पुन्हा बसवितो. गाडी सुरू होते. 'प्लग खराब होता' असें ठरतें व नवा प्लग येतो. चार दिवसांनीं गाडी पुन्हा बंद पडते. आतां तो वायर हलवितो; गाडी सुरू होते. 'वायर ढिली होती.' आठवड्यानें पुन्हा तेंच. शेवटीं उन्हांत, वाटेवर, दुसरें कांहीं न सुचून तो गुडघे टेकून प्रार्थना करतो. दहा मिनिटांनीं किक मारतो, आणि गाडी सुरू होते. प्रभुवारीं तो मंडळीपुढें साक्ष देतो कीं, प्रभूनें माझी गाडी सुरू केली. लोक "आमेन" म्हणतात.

वास्तविक बिघाड असा असतो: टांकींतील पेट्रोल आपल्या वजनानें खालीं कार्बोरेटरांत उतरतें, व जितकें उतरतें तितकी हवा टांकीच्या झांकणांतील बारीक भोंकावाटे आंत यावी लागते. तेलाच्या डब्यास एकच भोंक पाडलें तर धार अडखळते, म्हणून आपल्या घरच्या बाया दुसऱ्या बाजूस आणखी एक भोंक पाडतात. तोच हा प्रकार. झांकणाचें भोंक धुळीनें किंवा चिखलानें बुजलें कीं आंत पोकळी उत्पन्न होऊन पेट्रोल उतरेनासें होतें. गाडी बंद करून कांहीं वेळ थांबलें असतां फटींतून थोडी थोडी हवा शिरते आणि धार पुन्हा चालू होते. म्हणजे प्लग पुसण्यास जो वेळ लागला, वायर हलविण्यास जो लागला आणि प्रार्थनेस जो लागला, त्या वेळानेंच तिन्ही खेपांस काम केलें. झांकण नुसतें उघडून लावलें असतें तरी गाडी चालली असती. आणि एका बारीक तारेनें तें भोंक साफ केलें असतें तर पुन्हा बंदच पडली नसती. (२०२० च्या एप्रिलपासून निघालेल्या नव्या नियमांच्या गाड्यांत बहुधा कार्बोरेटर नसून पंपानें पेट्रोल जातें, त्यांचे रोग निराळे. परंतु आमच्या उपदेशकांपाशीं असतात त्या गाड्या पुष्कळदां त्यापूर्वींच्या.)

आतां त्या साक्षीचें काय? तिनें कोणाचें वाईट झालें, असें कोणी म्हणेल. आम्ही विचारतों कीं, पुढच्या गुरुवारीं तीच गाडी त्याच वाटेवर बंद पडली, म्हणजे ज्या तरुणांनीं ती साक्ष ऐकली ते काय समजतील? आणि दुसरीही एक गोष्ट आहे. शेजारच्या वाड्यांतील मनुष्य आपल्या गाडीच्या हँडलास लिंबू व मिरच्या बांधतो, आणि बंद पडलेली त्याची गाडीही लिंबू बदलल्यावर सुरू होते. जें शेवटीं केलें त्यानेंच गुण आला, हाच त्याचा सारा पुरावा. आमच्या वडिलांपैकीं ज्यांनीं नवस, गंडे व उतारे सोडले त्यांनीं ह्याच तऱ्हेचा पुरावा पुरेसा नाहीं असें म्हणून सोडले. पुष्कळांस त्यासाठीं भावकी सोडावी लागली, पाणवठा सोडावा लागला. इतकी किंमत देऊन जें माप आम्हीं टाकून दिलें, तेंच माप प्रार्थनेचें नांव देऊन परत घरांत आणावें काय? शेजाऱ्याचा नवस एका तराजूनें आणि आपली साक्ष दुसऱ्या तराजूनें तोलणें हें खोटें वजन बाळगणेंच आहे. देवाची थोरवी वाढविण्यासाठीं देवाविषयीं न घडलेलें सांगण्याची त्याला गरज नाहीं.

ह्यावरून कोणी असें समजूं नये कीं, बोल्ट निघावा म्हणून प्रार्थना करूं नये असें आमचें म्हणणें आहे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकांत यार्देनेच्या कांठीं लांकडें तोडतांना एका शिष्याच्या कुऱ्हाडीचें पातें पाण्यांत पडलें, आणि कुऱ्हाड उसनी आणलेली होती. तो घाबरून ओरडला. हत्यार मोडण्याहून दुसऱ्याचें हत्यार मोडणें किती वाईट, हें ज्यानें शेजाऱ्याचा पाना मागून आणला आहे तो जाणतो. अलीशानें त्यास तुच्छ लेखलें नाहीं. कुऱ्हाडीसारख्या क्षुल्लक वस्तूसाठीं मला कां अडवितोस असें तो म्हणाला नाहीं. परंतु लांकूड तोडून पाण्यांत टाकण्यापूर्वीं त्यानें एक गोष्ट विचारली: तें पडलें कोठें? आणि शिष्यानें ती जागा दाखविली. आम्हांस ह्या वृत्तांतांत पातें वर तरंगलें ह्याइतकाच तो प्रश्न मोलाचा वाटतो. ज्या मनुष्याच्या हातून पुढें चमत्कार व्हावयाचा होता त्यानेंसुद्धां जागा विचारली. मग आम्हीं प्रार्थनेवरून उठून विजेरी हातीं घेतली व बिघाड नेमका कोठें आहे तें शोधलें, तर तो अविश्वास कसा होईल?

रॉबर्ट पर्सिग नांवाचे एक अमेरिकन लेखक होऊन गेले. त्यांनीं कांहीं काळ काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांतही अभ्यास केला होता. १९६८ सालीं मुलास मागें बसवून त्यांनीं मोटारसायकलीवरून लांबचा प्रवास केला, आणि त्यावरून लिहिलेलें त्यांचें पुस्तक १९७४ त प्रसिद्ध झालें. त्यांत त्यांनीं न निघणारा स्क्रू, जोडणी संपल्यावर उरलेला एखादा भाग, येऊनजाऊन होणारा बिघाड, अशा विघ्नांचा विचार केला आहे, आणि त्यांच्यामुळें काम करणाऱ्याचा हुरूप कसा नाहींसा होतो तें दाखविलें आहे. हुरूप गेला असतां काम बाजूस ठेवून तो परत मिळवावा, हें त्यांचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. आम्हींही शब्बाथाची विश्रांति ह्याच समजुतीनें पाळतों. मात्र ह्या विवेचनांत भर पडतो तो काम करणाऱ्यानें काय गमावलें ह्यावर. खेड्यांतील मोटारसायकलीवर एकटा मनुष्य क्वचितच असतो. पुढें टांकीवर लहान पोर, मागें बायको, तिच्या मांडीवर दुसरें पोर, आणि कधीं कधीं सुईणीकडे किंवा दवाखान्यांत न्यावयाची शेजारीण. काम कोठें फसलें हें ह्यांपैकीं कोणासच ठाऊक नसतें. ठाऊक असतें तें फक्त ज्यानें नट फिरविला त्यास.

तो उरलेल्या भागाचाच प्रसंग घ्या. मागच्या चाकाचे ब्रेकचे लायनर बदलले. चाक बसविलें, साखळी ताणली, अंधार पडला, पोरें भोंवतीं जमलीं, म्हातारे ओट्यावरून विचारूं लागले, "काय, झालें का?" आणि पोत्यावर पाहतों तों एक बारीक स्प्लिट पिन उरलेली. दोन पायांची ती वांकडी तार. तिची किंमत चहाच्या कपाहून कमी. ब्रेकची थाळी चाकाबरोबर फिरूं नये म्हणून एक दांडी तिला धरून ठेवते, त्या दांडीच्या नटांतून ही पिन घालून तिचे पाय फांकवावयाचे असतात. पिन नसली म्हणून गाडी चालत नाहीं असें नाहीं. चालते. दुसऱ्या दिवशीं चालते, महिनाभरही चालेल. खड्ड्यांच्या रस्त्यानें तो नट हळूहळू सुटत जातो, आणि ज्या दिवशीं तो गळून पडतो त्या दिवशीं ब्रेक दाबतांच थाळी फिरते, दांडी अडकते व मागचें चाक जागच्या जागीं आंवळून धरलें जाऊं शकतें.

त्या क्षणीं मनुष्याच्या मनांत काय चालतें? पिन घालावयाची तर पुन्हा निम्में सोडावें लागेल. लोक हंसतील, 'दुरुस्ती करायला बसला आणि गाडी मोडून ठेवली' म्हणतील. उद्यां सकाळीं तीन गांवीं उपासना आहे. आणि कोणी पाहिलेलेंही नाहीं. मूठ मिटून पिन खिशांत टाकली कीं झालें. आमच्या मतें मोटारसायकलीच्या कामांतील सर्वांत मोठें विघ्न हें आहे, कारण न निघालेला बोल्ट गाडी अंगणांत अडवून धरतो, आणि खिशांतली पिन ती रस्त्यावर जाऊं देते. अनुवादाच्या पुस्तकांत नवें घर बांधणाऱ्यास आज्ञा आहे कीं, धाब्यास कठडा कर, नाहीं तर कोणी पडला असतां रक्तपाताचा दोष तुझ्या घरावर येईल. आमच्याकडे मातीच्या धाब्याचीं घरें पुष्कळांनीं पाहिलेलीं आहेत. उन्हाळ्यांत रात्रीं सारें घर वर निजतें. कठडा नसला म्हणून घर कांहीं पडत नाहीं. पोर मात्र झोंपेंत कुशीवर वळतें. नियमशास्त्रानें बांधणाऱ्याच्या हेतूची विचारपूस केलेली नाहीं. त्याचा राग, थकवा, लाज किंवा घाई हीं त्याच्या बाजूनें जमेस धरलेलीं नाहींत.

तेव्हां ओट्यावरच्या म्हाताऱ्यांस "झालें नाहीं" असें सांगावें. हे दोन शब्द फार जड आहेत, विशेषतः उपदेशकास. कारण सर्व आठवडाभर तो दुसऱ्यांस काय करावें तें सांगत असतो, आणि लोक त्याच्याकडे ज्यास येतें असा मनुष्य म्हणून पाहतात. आम्हीं असे उपदेशक पाहिले आहेत कीं ज्यांनीं हे शब्द सहज उच्चारले, आणि आमच्या अनुभवांत त्यांचा मान त्यामुळें उणा झाला नाहीं. परंतु उणा झाला असता तरी पिन घालावयाचीच होती.

जें आपणांस येत नाहीं तें मिस्त्रीकडे न्यावें. येथेंही एक खोटें बोलण्याची चाल पडलेली आहे. उघडून बिघडविलेली गाडी ढकलीत नेतात व "कालपर्यंत चांगली होती, आपोआप बंद पडली" असें सांगतात. मिस्त्री बिचारा तासभर भलत्याच जागीं शोधतो. आणि शोधल्यावर त्यास कळतेंच, कारण खाल्लेली खांच व ताज्या ओरखड्यांचा नट लपत नाहीं. त्याच्या तासाचे पैसे द्यावयाचे नसले तरी त्याचा तास त्याचाच होता. कोणता बोल्ट सोडला, कोणत्या क्रमानें सोडला, कोठें जोर केला, काय उरलें, हें सर्व त्यास सांगावें. सुटे भाग ज्या क्रमानें निघाले त्याच क्रमानें जुन्या वर्तमानपत्रावर मांडून ठेवण्याची संवय असली तर सांगणें सोपें जातें.

आणि रविवार? पाळक व उपदेशक विचारतात कीं, शनिवारीं रात्रीं गाडी उघडी राहिली तर सकाळीं उपासनेपूर्वीं ती जोडणें शब्बाथाचा भंग होईल काय. आडांत पडलेल्या बैलाविषयीं प्रभूनें परूशांस जें विचारलें तें लक्षांत ठेवून आम्ही म्हणतों, काम थोडें असेल आणि हात शांत असेल तर जोडावी. परंतु घड्याळाकडे पाहत जोडलेलें चाक आम्हांस पसंत नाहीं. पुढच्या गांवच्या वडिलांस फोन करून सांगावें कीं, गीतें व शास्त्रवाचन तुम्ही सुरू करा, आम्ही एसटीनें येतों, ती न मिळाल्यास पायीं येतों. आणि ती पिन रुमालाच्या कोपऱ्यांत गांठ मारून सोमवारसाठीं ठेवावी.